पायरीवरचे नाव आणि भिंतीवरचे नाव

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर एक छोटासा लेख कोरलेला आहे. हिरोजी इंदुलकराने ही दुर्गाची राजधानी बांधून काढली. आणि त्या लेखात सांगितले काय, तर आपण सेवेस तत्पर आहोत एवढेच! तेही येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांखाली. आज महाराष्ट्रातील कितीतरी गडांवर निराळ्याच प्रकारची नावे वाचावयास मिळतात. बुरुजांवर, कमानींवर, टाक्यांच्या कडांवर कोणी खिळ्याने, कोणी कोळशाने, तर कोणी तैलरंगाने ती लिहिलेली असतात. ज्याने गड उभारला त्याला पायरी पुरली. ज्याने एक चिराही वाहिला नाही, त्याला मात्र अख्खी भिंत हवी!

हा रोग नवा नाही, अन् केवळ आपलाही नाही. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील चित्रावर आपले नाव व तारीख कोरली. लेणे तेव्हा मातीदगडांनी भरलेले असल्याने ते नाव आज माणसाच्या डोक्याहून उंच दिसते. लेण्यांचा शोध लावल्याचे श्रेय त्याला मिळाले, तसा हा ओरखडाही त्याच्या नावावर कायमचा राहिला. मातीच्या गिलाव्यावर पातळ रंगाने काढलेले चित्र एकदा खरवडले की पुन्हा भरून येत नाही. दगडाचीही तीच कथा. त्यात मुरलेला रंग तारेच्या ब्रशाने घासू गेल्यास दगडाचा पापुद्राच निघून येतो. तेव्हा सफाईचा उत्साह स्तुत्य असला, तरी ते काम पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांच्या सल्ल्याने व्हावे, हे बरे.

कायद्याची उणीव आहे काय? मुळीच नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन राष्ट्रीय संरक्षित स्मारक विद्रूप करणारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शहरातील भिंतींसाठी महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा आहेच. परंतु प्रत्येक बुरुजापाशी पहारेकरी उभा करणे कोणत्या सरकारला साधेल?

आम्ही शिक्षक होतो त्या काळातील एक गोष्ट आठवते. वर्गातील बाकांवर मुले करकटकाने नावे कोरीत. छड्या झाल्या, दंड झाले. नावे वाढतच गेली. अखेर एका सुट्टीत मुलांच्याच हाती कानसपत्री व रोगण देऊन बाके त्यांच्याकडून नवी करून घेतली. त्या वर्षी एकाही बाकावर नवे नाव उमटले नाही. ज्या वस्तूवर आपले श्रम पडतात ती आपली वाटते. आणि आपल्या वस्तूला कोणी ओरखडा काढीत नाही.

मात्र सारा दोष पोरांच्या माथी मारून मोठ्यांनी नामानिराळे होऊ नये. चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक झळकतात, पुलाच्या खांबांवर जाहिराती चिकटतात, निवडणुकीत भिंती रंगतात. दिसेल त्या जागी आपले नाव लावणे हेच मोठेपण, हा धडा ज्या मुलाला शहराने रोज दिला, त्याने गडावर जाऊन तो गिरवला तर नवल कसले?

२०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. त्यांतील अकरा महाराष्ट्रातील आहेत. त्याचा आनंद आपण मनसोक्त साजरा केला. आता त्याची किंमत मोजावयाची आहे. शाळांनी सहलीपूर्वी एक तास या विषयाला द्यावा. जवळचे एखादे स्मारक दत्तक घेऊन तेथील केरकचरा मुलांनी उचलावा. नगरपालिकांनी भिंतीवरील पहिला मजकूर त्वरित पुसून टाकावा, कारण एक नाव दिसले की त्याच्या शेजारी दहा उमटतात. आणि राजकीय पक्षांनी स्वतःचे फलक उतरवून आरंभ करावा.

हिरोजीच्या पायरीवरून आपण सारेच चालत जातो. जाताना खाली पाहण्याची सवय लागली, तर भिंतीवर नाव लिहिण्याचा मोह आपोआप ओसरेल.