अहवालाआधीची मिनिटे : फिल्मवरील धोक्याच्या खुणा कशा ओळखतात?

बुलडाणा : अपघातातील जखमी रुग्णालयात आला की त्याचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढला जातो. त्यावरील तज्ज्ञाचा लेखी अहवाल हाती येईपर्यंत मात्र काही वेळ जातोच. या मधल्या काळात फिल्म सर्वप्रथम पाहणारा डॉक्टर बहुधा क्ष-किरणतज्ज्ञ नसतो. तो अपघात विभागात कर्तव्यावर असलेला तरुण वैद्यकीय अधिकारी असतो. जिवावर बेतणाऱ्या मोजक्या खुणा त्याला तत्काळ ओळखता आल्या, तरच पुढील उपचारांचा किंवा रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलविण्याचा निर्णय वेळेत होऊ शकतो.

बुलडाणा जिल्ह्यात या कौशल्याला विशेष महत्त्व आहे. मलकापूर, नांदुरा, खामगाव या मार्गाने राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ जातो, तर मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग. मलकापूर येथे २९ जुलै २०२३ रोजी दोन खासगी बसची धडक होऊन ६ जण मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले. अशा प्रसंगी एकाच वेळी अनेक रुग्ण दाखल होतात आणि आधी कोणाकडे लक्ष द्यायचे, हे ठरवावे लागते. बुलडाण्यात २०२४ मध्ये १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने असे डॉक्टर जिल्ह्यातच घडण्याची सोय झाली आहे.

मेंदूतील रक्तस्राव

सीटी स्कॅनवर प्रत्येक घटकाची घनता आकड्यांत मोजली जाते. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, तर हाड सर्वांत पांढरे दिसते. ताजे गोठलेले रक्त मेंदूपेक्षा अधिक पांढरे दिसते, त्यामुळे ते ओळखता येते. कवटी व मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये साचलेले रक्त बहिर्गोल भिंगासारखे दिसते, तर आवरणाच्या आत पसरलेले रक्त चंद्रकोरीसारखे. यापैकी पहिल्या प्रकारात रुग्ण काही काळ शुद्धीवर येऊन बोलतो आणि नंतर अचानक बेशुद्ध होतो. म्हणूनच 'बोलतोय, म्हणजे बरा आहे' हा समज घातक ठरू शकतो. मेंदूची मध्यरेषा एका बाजूला सरकलेली दिसली, तर मेंदूवर दाब वाढत असल्याचा तो इशारा असतो.

छाती आणि पोट

छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसाची कडा बारीक रेषेसारखी दिसते आहे आणि तिच्या पलीकडे रक्तवाहिन्यांच्या रेषाच नाहीत, असे आढळले तर छातीच्या पोकळीत हवा शिरल्याचे समजावे. ही हवा साचत जाऊन हृदय दुसऱ्या बाजूला ढकलले गेल्यास रुग्णाचा जीव काही मिनिटांत जाऊ शकतो. अशी शंका लक्षणांवरून आल्यास एक्स-रेची वाट न पाहता हवा बाहेर काढावी, असे वैद्यकशास्त्र सांगते.

आतड्याला किंवा जठराला छिद्र पडल्यास उभ्याने काढलेल्या एक्स-रेत श्वासपटलाखाली काळी चंद्रकोर दिसते. रुग्णाला झोपवून काढलेल्या फिल्मवर ती दिसेलच असे नाही. पोटातील रक्तस्राव सोनोग्राफीवर यकृत व उजवे मूत्रपिंड यांच्यामधील काळ्या पट्ट्याच्या रूपात आढळतो.

नजरेला शिस्त

फिल्म वाचनातील नेहमीची चूक म्हणजे एक दोष सापडला की शोध थांबविणे. मोडलेली बरगडी ठळक दिसते. तिच्या शेजारची हवेची बारीक रेषा निसटते. यासाठी विद्यार्थ्यांना ठरलेला क्रम शिकविला जातो. आधी रुग्णाचे नाव, तारीख व डावी-उजवी बाजू पाहायची, मग श्वासनलिका, फुप्फुसे, हृदय, श्वासपटल आणि शेवटी हाडे. दोष सापडला तरी क्रम पूर्ण करायचाच.

फिल्म निर्दोष दिसली म्हणजे धोका टळला, असेही नाही. रक्तपुरवठा खंडित झाल्याने आलेल्या पक्षाघातात पहिल्या काही तासांत सीटी स्कॅन जवळपास सामान्य दिसू शकतो. गुठळी विरघळविणारे औषध मात्र साधारणतः साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. तेथे स्कॅनचे मुख्य काम रक्तस्राव नसल्याची खात्री करणे हे असते.

आता संगणकही मदतीला आला आहे. मुंबईच्या क्यूर.एआय या कंपनीच्या संशोधकांनी डोक्याच्या ३ लाखांहून अधिक सीटी स्कॅनच्या आधारे केलेला अभ्यास २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. अशी प्रणाली संशयित स्कॅन रांगेत पुढे आणू शकते; रुग्णाची तपासणी व अंतिम निर्णय मात्र डॉक्टरांचाच असतो.

नातेवाइकांनाही यात हातभार लावता येतो. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता ती नेमकी वेळ, तो मध्येच बेशुद्ध झाला होता काय आणि तो रक्त पातळ करणारी गोळी घेतो काय, ही माहिती डॉक्टरांना आधी द्यावी. जुन्या फिल्मही सोबत न्याव्यात. या माहितीमुळे फिल्मवर नेमके काय शोधायचे, हे डॉक्टरांना कळते.