पाटी आधी, रंग नंतर (लेखांक ६)

वेबसाइटवरचा मजकूर किती लांब असावा, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज तोच मजकूर दिसतो कसा, याकडे वळू. त्यासाठी जयपूरला जावं लागेल.

सवाई जयसिंगांनी १७२७ साली वसवलेलं हे शहर १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीसाठी गुलाबी रंगवलं गेलं. जुन्या शहरातल्या जौहरी बाजारात आजही दुकानांच्या वर एकसारख्या पाट्या दिसतात: गेरूच्या छटेच्या भिंतीवर पांढरा पट्टा आणि त्यावर काळी देवनागरी. सराफ असो की कापडवाला, थाट तोच. इथे कुणालाही अक्षरं फुगवून शेजाऱ्यावर मात करता येत नाही. साहजिकच नाव काय आणि धंदा कोणता, एवढंच उरतं आणि तेच वाचलं जातं. शब्दाला इतका मान देणारी मांडणी मला फार मोलाची वाटते.

याच शहराचा माल विकणाऱ्या वेबसाइटवर मात्र उलटं घडताना दिसतं. गुलाबी हा जयपूरचा रंग, म्हणून पानभर फिका गुलाबी आणि त्यावर बारीक पांढरी अक्षरं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे निकष किमान ४.५:१ मागतात. फिक्या गुलाबीवर पांढरं लिहिलं की हे प्रमाण दोनाच्याही खाली येतं. भर उन्हात मोबाइल हातात धरलेल्या माणसाला ते वाक्य दिसणारच नाही, मग ते कितीही घोटून लिहिलेलं असो.

दुसरा मोह फोटोवर लिहिण्याचा. हवामहलाला ९५३ झरोके आहेत. त्या जाळीवर ओळ टाकली की अर्धं अक्षर उजेडात, अर्धं सावलीत.

जयपूरजवळच्या बगरूच्या दाबू छपाईचं उदाहरण घ्या. मजकूर असा आहे: ‘माती, चुना आणि डिंक यांचा लगदा ठशाने कापडावर उमटवतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरतात आणि कापड निळीत बुडवतात; लगदा असेल तिथे रंग चढत नाही.’ वाक्य चांगलं आहे, कारण त्यात काम दिसतं. पण ते फोटोवर पसरलं की गिऱ्हाईक फोटो बघून पुढे जातं. तेच फोटोखाली, पांढऱ्या जागेत, गडद अक्षरांत ठेवा. मग नजर आधी कापडावर जाते, तिथून खाली शब्दांवर येते, आणि कापडावरचा पांढरा ठिपका तसा का राहिला हे कळल्यावर परत वर जाते. या परतणाऱ्या नजरेतच किमतीचं कारण पटतं. शब्द एकही बदललेला नाही.

देवनागरीची गरज आणखी वेगळी. इंग्रजी मथळ्यांतली अक्षरं ऐसपैस, सुटी मांडायची पद्धत आहे. तीच मोजमापं आपल्या मथळ्याला लावली तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळी फार जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. म्हणून इंग्रजी पानाचा साचा उचलून त्यात मराठी ओतू नये. ओळींत अंतर वाढवावं. आपल्याकडे मोठी-लहान लिपी नाही, तेव्हा जोर द्यायचा तर अक्षराच्या जाडीनेच. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट अनेक जाडींत फुकट मिळतो. मथळ्याला जाड, मजकुराला मध्यम, एवढ्याने पुष्कळ काम होतं.

माझा आग्रह एकच: डिझायनरला काम देताना ‘इथे मजकूर येईल’ असं लिहिलेली रिकामी चौकट देऊ नका, खरा मजकूर द्या. रिकाम्या चौकटीत कुठलाही रंग शोभतो. दाबूचं ते वाक्य समोर असेल, तर त्याला किती रुंदी लागते आणि फोटोच्या कुठल्या बाजूला ते बसतं, हे पहिल्याच दिवशी ठरतं.

पुढच्या लेखांकात बटणावरचे शब्द: ‘खरेदी करा’ की ‘पिशवीत टाका’?