द्वितीय भाषा म्हणून इंग्रजी : चुका आणि प्रगती

महाराष्ट्रात २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. तरीही मराठी माध्यमातून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याची इंग्रजीतील प्रगती बहुधा चुकांच्या संख्येवरून ठरविली जाते. हे मोजमाप अपुरे आहे. चुका हा अध्ययनप्रक्रियेचा पुरावा असतो, असे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये प्रतिपादन केले. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये अध्ययनार्थीच्या भाषेस ‘आंतरभाषा’ या स्वतंत्र व्यवस्थेचा दर्जा दिला.

उदाहरणार्थ, ‘तो गेला का?’ या अर्थी विद्यार्थी प्रथम ‘ही वेंट?’ असे विचारतो, नंतर ‘डिड ही वेंट?’ आणि अखेरीस ‘डिड ही गो?’ पहिल्या वाक्यात मराठीची रचना आहे. दुसरे सदोष असले, तरी प्रश्नासाठी ‘डिड’ लागते हा नियम त्यात गवसलेला दिसतो. भूतकाळ एकदाच दर्शवावा, एवढेच उरते. दोन्हींवर सारखीच लाल रेघ ओढल्यास पुढे सरकलेला विद्यार्थी पुन्हा मौनात जातो. म्हणून चुका मोजण्यापूर्वी त्यांचे वर्गीकरण करणे व विद्यार्थी कोणत्या टप्प्यावर आहे हे त्यास सांगणे, हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.