चोपण जमिनीची आवर्तसारणी

बारामतीहून इंदापूरकडे जाताना उसाच्या हिरव्या पट्ट्यात मधूनच उघडे तुकडे दिसतात. काहींवर उन्हाळ्यात पांढरा थर चढतो. "मीठ फुटलंय," असं शेतकरी म्हणतात. काही तुकडे काळपट असतात. पावसात तिथं पाणी मुरत नाही, पाय घसरतो आणि वाळल्यावर ढेकूळ कुदळीला दाद देत नाही. पहिली जमीन खारवट, दुसरी चोपण. आपण दोन्हींना सरसकट क्षारपड म्हणतो आणि दोन्हींवर सरसकट जिप्सम टाकतो. हा खर्च बऱ्याचदा वाया का जातो, याचं उत्तर दहावीच्या पुस्तकातल्या आवर्तसारणीच्या डाव्या टोकाला, पहिल्या दोन गणांत आहे.

हा प्रश्न आजचा नाही. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा उभा राहिला आणि १८८५च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या या मुलखात बारमाही ऊस आला. भूजल वर चढलं, उन्हानं पाणी उडालं आणि क्षार मागे राहिले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवरची पुस्तिका १९१० मध्येच प्रसिद्ध केली होती. पुढे १९२०च्या दशकात क्लॉड इंग्लिस आणि व्ही. के. गोखले यांनी दख्खनच्या कालव्यांवरच्या बिघडलेल्या जमिनींच्या निचऱ्याचा अभ्यास केला, त्यात बारामतीचाही समावेश होता. म्हणजे दुखणं शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं गेलं होतं.

त्यामागचं रसायन असं. मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये त्या वेळी माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं मांडली, तेव्हा सारख्या स्वभावाची मूलद्रव्यं एका गणात आली. त्याच्याही आधी, १८२९ मध्ये, डोबेरायनरनं लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम हे त्रिक मांडलं होतं. लिथियमचा अणुभार ७, पोटॅशियमचा ३९. दोन्हींची सरासरी २३, आणि तोच सोडियमचा. हे झाले अल्क धातू. शेजारच्या गणात मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम हे अल्कधर्मी मृदा धातू. या सगळ्यांपैकी चार आपल्या मातीत रोज कामाला असतात (कंसात अणुक्रमांक): सोडियम (११), मॅग्नेशियम (१२), पोटॅशियम (१९) आणि कॅल्शियम (२०).

गणात वरून खाली जाताना अणूचा आकार वाढतो, हे विद्यार्थी पाठ करतात. पाण्यात मात्र चित्र उलटं होतं. आयन जितका लहान, तितका तो पाणी घट्ट ओढून घेतो. त्यामुळे सोडियम पाण्याची जाड गोधडी पांघरून असतो, पोटॅशियमची पातळ असते. मातीचे चिकणकण ऋणभारित असतात. पोटॅशियम त्यांच्या जवळ जाऊन बसतो, त्यांच्या थरांमधल्या खोबणीतही अडकतो. सोडियम लांबूनच सैल धरला जातो. त्याचं प्रमाण वाढलं, की कण एकमेकांपासून सुटतात, ओल्या मातीत पसरतात आणि छिद्रं बुजवतात. हेच चोपणपण.

कॅल्शियमचा आयन आकारानं जवळपास सोडियमएवढाच: सोडियम १.०२ अँगस्ट्रॉम, कॅल्शियम १.००. फरक प्रभाराचा. कॅल्शियमवर दुप्पट धनप्रभार असल्यानं तो कणांना जवळ आणतो, माती रवाळ होते आणि पाणी मुरतं.

मग आपल्या चुनखडीच्या जमिनीत एवढा कॅल्शियम असताना सोडियम का जिंकतो? याचंही उत्तर गणांतच आहे. सोडियम आणि पोटॅशियमची कार्बोनेटं पाण्यात सहज विरघळतात. कॅल्शियमचं जवळपास विरघळतच नाही. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट असलं, की पाणी उडताना कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतो आणि सोडियम एकटा मोकळा उरतो. त्याचं कार्बोनेट सामू ८.५च्या पुढे नेतं.

आता जिप्समकडे. जिप्सम म्हणजे कॅल्शियमचं सल्फेट. दुसऱ्या गणात खाली जाताना सल्फेटची विद्राव्यता झपाट्यानं घटते. मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात भरपूर विरघळतं, पण मॅग्नेशियम माती कॅल्शियमइतकी बांधत नाही. बेरियम सल्फेट इतकं अविद्राव्य, की एक्स-रेसाठी ते रुग्णाला पाजतात आणि अपाय होत नाही. जिप्सम मधलं: लिटरभर पाण्यात सुमारे अडीच ग्रॅम. हळूहळू विरघळतं आणि बराच काळ कॅल्शियम पुरवतं. मोकळी चुनखडी असलेल्या जमिनीत गंधकही चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल चुनखडीतलाच कॅल्शियम सोडवतं.

इथं थोडं गणित करू. १७२ ग्रॅम जिप्सम ४६ ग्रॅम सोडियम हुसकतं आणि १४२ ग्रॅम सोडियम सल्फेट तयार होतं. म्हणजे १०० किलो जिप्समनं पूर्ण काम केलं, तर शेतात सुमारे ८२ किलो नवा विद्राव्य क्षार तयार होतो. तो बाहेर गेला नाही, तर चोपण जमिनीची खारवट जमीन झाली, एवढाच फरक. शिवाय एक टन जिप्सम निव्वळ पाण्यात विरघळायला सुमारे चार लाख लिटर पाणी लागतं. एकरावर पसरलं तर दहा सेंटिमीटर. ते पाणी खाली जायला वाट हवी. वाट म्हणजे चर, सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा आणि पाणी सोडायला ओढा.

खारवट जमिनीला तर मुळात जिप्सम लागतच नाही. निचरा आणि गोडं पाणी पुरतं. दोन्हींतला भेद माती परीक्षणात कळतो. विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, पण सामू ८.५च्या खाली आणि विनिमययोग्य (म्हणजे चिकणकणांनी धरलेला) सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल, तर जमीन खारवट. वाहकता कमी, पण सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५हून जास्त असेल, तर चोपण. आपल्या काळ्या मातीत चिकणकण फार, म्हणून बिघाड १५ टक्क्यांच्या बराच आधी सुरू होतो.

मदत जवळच आहे. माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, बारामतीत कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि नीरेपलीकडे पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तिथला फुले २६५ हा वाण क्षारपड जमिनीत तग धरतो. पण तग धरणारा वाण म्हणजे उपचार नव्हे.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी माती आणि विहिरीचं पाणी तपासा, मग निचऱ्याची वाट काढा, आणि अहवालात सोडियम जास्त निघाला तरच जिप्समची गोणी आणा. चर एकट्याच्या बांधावर संपत नाही, शेजाऱ्याच्या रानातूनच ओढ्याला मिळतो. तेव्हा तो वस्तीनं मिळूनच काढावा लागेल.