एका वर्गातील चार वाचक

वाचनाचा तास चालू असतो. गुरुजी एक ओळ सांगतात आणि सारा वर्ग एका सुरात ती म्हणतो. दारावरून जाणाऱ्या पालकास वाटते, मुले किती छान वाचतात! परंतु त्या सुरात काही मुले ओळ पाहून म्हणत असतात, तर काही शेजाऱ्याचे ऐकून. ही दुसरी मुले वर्षामागून वर्षे वर चढतात आणि इतिहास-भूगोलाचे पुस्तक हाती आले म्हणजे अडतात. मग आपण त्यांस ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्यांच्या पायरीचे वाचन त्यांना कोणी दिलेलेच नसते.

तेव्हा पहिले काम पायरी ओळखण्याचे. एकेका मुलास जवळ बसवून अक्षरे, साधे शब्द, लहानसा उतारा आणि गोष्ट असे क्रमाने वाचावयास द्यावे. मुंबईत 1995 साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने ही सोपी तपासणी देशभर रूढ केली. तिच्याने एका वर्गात निदान चार प्रकारचे वाचक दिसून येतात.

आता वर्ग मांडावयाचा. सतरंज्या चार ठिकाणी घालाव्या. अक्षरांच्या गटाजवळ गुरुजींनी स्वतः बसावे, कारण त्यांची गरज तेथे सर्वांत अधिक. त्या गटास सारी बाराखडी एकदम न देता क, म, ल ही तीन अक्षरे व काना द्यावा. तेवढ्यातच कमल, काम, काका, मामा, लाल, माल, कमाल असे शब्द तयार होतात आणि पहिल्याच आठवड्यात ‘मला वाचता येते’ हा आनंद मुलास लाभतो. शब्दांच्या गटाने चिठ्ठ्या जुळवाव्या. उताऱ्याच्या गटाने जोडीने एकमेकांस वाचून दाखवावे. गोष्टीच्या गटाने आपले पुस्तक आपण निवडावे. एका पानावर पाच शब्द अडले, तर ते पुस्तक तूर्त ठेवून सोपे घ्यावे. पुस्तके कपाटात कुलूपबंद नकोत. मुलाच्या हाताला येतील अशी दोरीवर टांगावी. अडल्यास आधी शेजाऱ्यास विचारावे, मग गुरुजींस, एवढा एक नियम पाळला, तरी गुरुजींस एका गटाकडे निवांत लक्ष देता येते.

ही कल्पना आपणांस परकी नाही. आंध्रातील ऋषी व्हॅली येथील ग्रामीण शाळांचे काम पाहून म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात शिक्षकांनी 1995 साली युनिसेफच्या साहाय्याने ‘नली-कली’ सुरू केली. नावाचा अर्थ ‘आनंदाने खेळ, शीक’. पाठांऐवजी चिन्हांकित कार्डे, भिंतीवर शिकण्याची शिडी, मुलांच्या उंचीचे फळे व डोक्यावर दोऱ्यांचा मांडव अशी तिची मांडणी. मूल शिडीवर आपल्या गतीने चढते. आजारपणाने पंधरा दिवस चुकले, तरी जेथे थांबले तेथूनच पुढे जाते. 2009-10 पासून ही पद्धत राज्यभरच्या सरकारी कन्नड शाळांत पहिली-दुसरीस लागू झाली व पुढे तिसरीसही.

मात्र एक सावधगिरी हवी. गट म्हणजे जात नव्हे. दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून मुलास पुढे न्यावे; नाहीतर खालचा गट हाच कायमचा शिक्का होऊन बसतो. आमच्या बोरगाव-निपाणी भागात तर मुलास देवनागरी व कन्नड अशा दोन लिप्या शिकाव्या लागतात. एकीत मागे असलेले मूल दुसरीतही मागे असेलच असे धरून चालू नये; दोहोंची पायरी वेगळी पाहावी.

शाळेस देणगी देताना आपण ढाली व करंडक देतो. त्यांच्या जोडीला पन्नास पातळ, सचित्र पुस्तके, चार सतरंज्या आणि दोरीचे एक बंडल दिले, तर एका वर्गाची सोय होते. आणि घरी? रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मुलास वाचावयास सांगावे व आपण केवळ ऐकावे. ज्या आजीस अक्षरओळख नाही, तिलाही हे काम उत्तम साधते. नातवाचे वाचन ऐकण्यास तिच्याइतका धीर दुसऱ्या कोणाजवळ असणार?