रोगाला नाव कसे मिळते?

हिवतापाचा संशय असलेला रोगी दवाखान्यात आला म्हणजे त्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्यात हिवतापाचे परोपजीवी दिसले की निदान निश्चित होते. परंतु सर्वच व्याधींची स्थिती अशी नसते. काही व्याधी ओळखण्यास रक्ताची वा क्ष-किरणांची खात्रीलायक कसोटी उपलब्ध नसते. तेथे रोग्याच्या तक्रारी ऐकून व लक्षणांचा मेळ घालून त्यांस एक नाव द्यावे लागते. असे नाव म्हणजे सिद्ध झालेले सत्य नव्हे. ती तज्ज्ञांनी मान्य केलेली एक तात्पुरती सोय होय. या सोयीतून वाद कसे उद्भवतात आणि रोग्यास त्यांचे कोणते फळ भोगावे लागते, हे इंग्लंडमधील एका साथीच्या इतिहासावरून समजते.

लंडन येथील रॉयल फ्री रुग्णालयात जुलै १९५५ मध्ये डॉक्टर, परिचारिका व इतर सेवक एकामागून एक आजारी पडू लागले. घसा व डोके दुखणे, किंचित ताप, मानेतील गाठी सुजणे, चक्कर, स्नायूंत वेदना व अशक्तपणा ही लक्षणे आढळली. एकूण २९२ सेवकांना हा आजार झाला व त्यांपैकी २५५ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. २५ जुलैपासून ५ ऑक्टोबरपर्यंत रुग्णालय बंद होते. प्रथम पोलिओची शंका आली. परंतु प्रयोगशाळेत त्याचा वा दुसऱ्या कोणत्याही विषाणूचा पुरावा मिळाला नाही. कित्येकांचा थकवा मात्र पुढे दीर्घकाळ टिकला.

१९५६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या आजारास ‘बिनाइन मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’ हे नाव सुचविले. स्नायूंच्या वेदनांसह होणारा, परंतु प्राणघातक नसलेला, मेंदूचा व मेरुरज्जूचा दाह, असा त्याचा अर्थ. मेंदूत व मेरुरज्जूत दाह असल्याचे मात्र निर्विवाद सिद्ध झालेले नव्हते.

पुढे १९७० मध्ये मॅकइव्हेडी व बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी टिपणे तपासून हा सामूहिक हिस्टेरिया असावा, असे मत मांडले. आजारी पडलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, ताप अल्प होता आणि तपासण्यांत विशेष दोष आढळला नव्हता, ही त्यांची मुख्य कारणे होत. त्यांनी रोग्यांना प्रत्यक्ष तपासले नव्हते. त्या रुग्णालयातील डॉ. मेल्व्हिन रॅमसे यांनी हे मत अमान्य केले. वस्तुतः दोन्ही नावे उपलब्ध पुराव्याच्या पुढे गेली होती. तपासणीत दोष न आढळणे म्हणजे शरीरात दोष नसणे, असे अनुमान निघत नाही; आणि दाह आहे असेही केवळ लक्षणांवरून ठरत नाही.

१९८८ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी कारणाविषयी काहीही न सुचविणारे ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’, म्हणजे दीर्घकालीन थकव्याचा लक्षणसमूह, हे नाव योजिले. निदान सहा महिने टिकलेला व नेहमीची कामे निम्म्याहून कमी करून टाकणारा थकवा ही त्याची प्रमुख अट होती. १९९४ च्या व्याख्येत थकव्यासोबत आठांपैकी कोणतीही चार लक्षणे पुरेशी ठरली. २०१५ मध्ये अमेरिकेतील एका तज्ज्ञसमितीने, अल्प श्रमानंतरही प्रकृती खालावणे हे लक्षण आवश्यक मानले. परिणामी एकच रोगी एका व्याख्येनुसार या आजाराचा ठरतो, तर दुसऱ्या व्याख्येनुसार ठरत नाही. रोगी तोच, दुखणेही तेच. बदलते ती व्याख्या.

हा वाद केवळ शब्दांचा नाही, कारण नावावरून उपचार ठरतात. ब्रिटनमधील शासकीय मार्गदर्शिकेने २००७ मध्ये सौम्य व मध्यम आजाराच्या रोग्यांसाठी क्रमाक्रमाने वाढविलेल्या व्यायामाची शिफारस केली होती. त्यामुळे आपली प्रकृती अधिक बिघडली, असे अनेक रोगी सांगत राहिले. अखेर पुराव्याचा फेरविचार करून २०२१ मध्ये ती शिफारस मागे घेण्यात आली. ज्यांच्या तक्रारीला ‘मनाचे खेळ’ म्हणून बाजूस सारले गेले, त्यांना उपचाराबरोबर रजा, आर्थिक साहाय्य व कुटुंबाचा विश्वास यांसही मुकावे लागते. मानसिक व्याधी ही देखील खरी व्याधीच होय. तथापि कारण सापडले नाही म्हणून तिचे नाव देणे हे निदान नव्हे.

या आजाराची निर्णायक कसोटी आजही उपलब्ध नाही. २०२० पासून पसरलेल्या कोविडच्या साथीनंतर कित्येकांना अशीच लक्षणे जडल्याने संशोधनास नवी चालना मिळाली आहे. तोपर्यंत ‘कारण अद्याप ज्ञात नाही’ असे स्पष्ट सांगून रोग्याची शुश्रूषा करणे वैद्यास शक्य असते. नावाविषयी वाद असला तरी रोग्याच्या वेदनेविषयी वाद असण्याचे कारण नाही.