विहिरीतले मीठ कुणी मोजले?

यंदाच्या मे महिन्यात आमच्या घरापलीकडच्या संकुलातल्या बागेची पाने करपली. जास्वंद, अनंत, कुंड्यांतली लिंबे, सगळ्यांची तऱ्हा एकच: आधी टोक तपकिरी, मग कडा, मग सबंध पान गळून खाली. बाग नवी आहे. मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर जागोजागी रोवले आहेत आणि त्यांची जोडणी ठिबकच्या व्हॉल्व्हला आणि सेक्रेटरींच्या मोबाइलला आहे. मला झाडे दाखवायला नेले तेव्हा त्यांनी मोबाइलच पुढे केला. “काका, ॲप तर सगळं हिरवं दाखवतंय. ओलावा पुरेसा आहे म्हणतंय.” मी टाकीतले पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावले. मचूळ होते. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांची बाग जिथे उभी आहे तिथे पूर्वी बावखळ होते, हेही त्यांना कुणी सांगितले नव्हते.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. बावखळ म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे लहान तळे. पावसाचे पाणी त्यात साठायचे, रेताड जमिनीतून सावकाश मुरायचे आणि भोवतालच्या विहिरींना उन्हाळाभर आधार द्यायचे. वाघोली, निर्मळ, भुईगाव, गिरिज, नंदाखाल, आगाशी, बोळींज अशा सगळ्या पश्चिम पट्ट्याची शेती या पाण्यावर चालली. राजेळी केळी आणि तिची सुकेळी, पानवेली, तगर, मोगरा, सोनचाफा, वाल, पडवळ. पहाटेच्या लोकलने फुलांचे भारे दादरला जायचे. विहिरीवर आधी रहाट होते, मग डिझेल इंजिने आली, मग विजेच्या मोटारी. रहाटाच्या काळावर हळवे लिखाण पुष्कळ झाले आहे. मी त्याची अखेर तेवढी पाहिली, त्यामुळे तिथे रेंगाळत नाही.

मला बोलायचे आहे ते १९८८ ते १९९८ या दहा वर्षांबद्दल. १९८८ साली राज्य सरकारने वसईच्या हरित पट्ट्यातली जमीन नागरीकरणाला मोकळी करण्याचे धोरण घेतले आणि १९९० मध्ये सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून इथे आली. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. दिब्रिटोंना महाराष्ट्र साहित्यिक म्हणून ओळखतो. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आम्हाला ते आठवतात मोर्चाच्या पुढे चालणारे. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, आणि त्यानंतर त्या लढ्याच्या ज्या आठवणी छापून आल्या त्यांत धमक्या, मोर्चे, राजकारण सगळे आले. पाणी मात्र अगदी थोडके आले. मला ते सलते, कारण गावागावांतून बायका त्या मोर्चांत आल्या त्या पाण्यासाठी.

तेव्हा पूर्वेकडे स्टेशनांच्या आसपास इमारती उठत होत्या. नळ नव्हते. बांधकामाला पाणी हवे, राहायला आलेल्यांनाही पाणी हवे. ते पश्चिमेच्या विहिरींतून उपसले जाऊ लागले. वाडीच्या तोंडाशी टँकरची रांग लागे, मोटार दिवसरात्र चाले, आणि केळीच्या घडापेक्षा टँकरच्या फेरीला जास्त पैसे मिळू लागले. ज्यांनी पाणी विकले त्यांतले बहुतेक गरजेपोटी विकत होते, त्यांना मी दोष देणार नाही. माझा दोष आहे तो हे सगळे उघड्या डोळ्यांनी पाहून परवानग्या देत राहिलेल्यांना.

आमच्या विहिरीचे पाणी बिघडले ते आधी आजीने ओळखले. तिने डाळ शिजत नाही म्हणून सांगितले, मग चहाची चव गेल्याचे सांगितले. पुढल्या उन्हाळ्यात पानवेलीची पाने बारीक येऊ लागली. पानवेल खारे पाणी सोसत नाही, केळीही फारसे सोसत नाही, नारळ बराच काळ टिकतो. त्यामुळे एकेक करून वाडी नारळापर्यंत येऊन थांबली. हीच गोष्ट शेजारी, हीच पलीकडच्या गावात. माणसे बैठकांत उठून सांगत, “साहेब, पाणी खारं होत चाललंय.” समोरून एकच प्रश्न येई: पुरावा काय? किती खारे, कधीपासून, कुठल्या विहिरीत, मागच्या वर्षी किती होते? शेतकऱ्याच्या जिभेची नोंद कुठल्याच फायलीत बसत नव्हती. विकासाला विरोध करणारी भावनिक माणसे असा शिक्का आमच्यावर बसला, आणि पुढे तो वर्षानुवर्षे वापरला गेला.

तो शिक्का खोटा होता. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत पावसाचे गोडे पाणी खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. या तोलाचा हिशेब घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि १९०१ मध्ये मांडून ठेवला आहे. विहिरीतली पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर तिच्याखाली साधारण ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी तोलून धरले जाते. उपशाने ती पातळी अर्धा मीटर खाली गेली की खाली वीस मीटरचा तोल सुटतो आणि मीठ वर सरकते. समुद्र, वसईची खाडी आणि वैतरणा यांनी वेढलेल्या भूभागात हे होणारच होते. नियोजन करणाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकात हे होते. पुरावा मागताना त्यांनी ते उघडले नाही, आणि पुरावा गोळा करायला विहिरींवर माणूसही पाठवला नाही. पावसाचे म्हणाल तर इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो मुरवणारी बावखळे मात्र भराव टाकून बुजवली गेली.

पुढची वर्षे थोडक्यात. २००५ चा पूर. २००९ साली जुलैत महापालिका झाली आणि गावे तिच्यात घालण्यावरून पुन्हा आंदोलन पेटले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या पुढे गेली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली आणि वीज बंद पडली. दरम्यान सूर्या धरणाचे पाणी टप्प्याटप्प्याने आले. नव्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारच्या वाट्याला रोजचे १८५ दशलक्ष लिटर आहे. तरी टँकर थांबलेले नाहीत, हे रस्त्यावर उभे राहिले की दिसते.

याच काळात वाडी गॅलरीत आली. ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांनी आणि जे नव्याने आले त्यांनीही कुंड्या मांडल्या. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून गच्चीवरच्या शेतीची जी दिशा दिली होती, तिचा मोठा भाग म्हणजे सामान्य माणसाने स्वतः प्रयोग करावा, स्वतः नोंदी ठेवाव्यात. कुंड्या घरोघरी पोचल्या, नोंदवह्या पोचल्या नाहीत. त्यांच्या जागी यंत्रे आली. फ्रान्सच्या पॅरट कंपनीने २०१३ मध्ये ‘फ्लॉवर पॉवर’ नावाचे कुंडीत खोचायचे उपकरण जगापुढे आणले. आज ते बाजारात नाही. त्याच्यामागून स्वस्त नकला आल्या आणि आता त्या कुठल्याही ऑनलाइन दुकानात मिळतात.

माझे मत विचाराल तर यातली बरीचशी घरच्या बागेला कामाची नाहीत. दोन सळयांचे, बॅटरीशिवाय चालणारे ‘थ्री-इन-वन’ मीटर घ्या. त्याच्या सळया वेगवेगळ्या धातूंच्या असतात, ओल्या मातीत त्यांच्यात बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि काटा हलतो. मातीत क्षार जास्त असले की प्रवाह वाढतो. म्हणजे खारी माती या यंत्राला ओली वाटते. वसईत याहून घातक चूक कुठली असू शकते? मातीतून वीज सोडून रोध मोजणाऱ्या सेन्सरचेही तेच, आणि त्याच्या सळया काही महिन्यांत गंजून झिजतात. कपॅसिटिव्ह सेन्सर बरे. पाण्याचा परावैद्युतांक ८० च्या आसपास आणि कोरड्या मातीचा तीन ते पाच, या फरकावर ते चालतात. पण कोकोपीटच्या भुसभुशीत मिश्रणात सळईभोवती पोकळी राहिली की आकडा चुकतो, आणि प्रत्येक मिश्रणासाठी त्याचे मोजमाप नव्याने बसवावे लागते. एवढे करून तो जे सांगतो ते पेरभर बोट मातीत घातले तर कळते. कुंडी उचलून पाहिली तर वजनावरूनही कळते. वाफसा आहे की चिखल, हे हाताला समजते.

मोठ्या शेतीची गोष्ट वेगळी आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात सेन्सर, हवामानकेंद्र आणि संगणकीय विश्लेषण यांची जोड घालून काम चालवले आहे. नाशिककडे द्राक्षबागायतदार ओलाव्याच्या आकड्यांवर पाणी देतात. एकरांच्या हिशेबात थोडे पाणी वाचले तरी खर्च निघतो. तिथे माती एक, पीक एक, आणि आकडा वाचणारा माणूस रोज बांधावर असतो. आठ कुंड्यांत आठ तऱ्हेची झाडे लावणाऱ्याला हा हिशेब लागू पडत नाही. फार तर सुट्टीला गावी जाणाऱ्याने ठिबकला साधा टायमर लावावा, तेवढे पुरते.

एक उपकरण मात्र मी वसईतल्या प्रत्येक बागायतदाराच्या, गॅलरीतल्याही, हातात पाहू इच्छितो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे, पेनाएवढे टीडीएस मीटर. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिच्यावरून क्षारांचा अंदाज देते. किंमत हजार रुपयांच्या आत. अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनविषयक मार्गदर्शनाप्रमाणे लिटरमागे ४५० मिलिग्रॅमच्या खाली क्षार असतील तर पाणी कुठल्याही पिकाला निर्धास्त द्यावे. २,००० च्या वर गेले तर बहुतेक झाडांचे हाल ठरलेले. मधल्या पट्ट्यात पीक पाहून ठरवावे, आणि कुंडीतून अधूनमधून भरपूर गोडे पाणी निथळू द्यावे, म्हणजे साचलेले मीठ धुऊन जाते. संकुलातल्या त्या बागेला याच एका आकड्याची गरज होती. मुळाभोवती मीठ साचले की माती ओली असूनही झाडाला पाणी ओढून घेता येत नाही, आणि ओलाव्याचा सेन्सर ही तहान कधीच दाखवणार नाही.

पण मी हे पेन घ्या म्हणतो ते झाडांपुरते नाही. नव्वदच्या दशकात आमच्या हाती आकडे नव्हते, म्हणून आमचे म्हणणे टोलवता आले. आज ते पेन किराणा दुकानाच्या एका फेरीच्या पैशांत मिळते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आपणही तेच महिने धरू. ज्यांच्या दारी अजून विहीर आहे त्यांनी त्या चार महिन्यांत दोरीने पातळी आणि पेनाने क्षार मोजावेत, तारीख घालून वहीत लिहावेत. ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांनी टँकरचे पाणी मोजावे आणि तो कुठे भरला हे चालकाला विचारून तेही लिहावे. सोसायट्यांनी हे आकडे सूचनाफलकावर लावावेत, गावांनी एकत्र करून महापालिकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना दरवर्षी लेखी द्यावेत, आणि पोच घ्यावी. उरलेले एखादे बावखळ बुजवायचा प्रस्ताव आला तर त्याच्या भोवतालच्या विहिरींचे आकडे आधी मागावेत. सुरुवात येत्या ऑक्टोबरपासून करा.